एक एकर विकून पोरीला पुण्याला पाठवायचं का?

पत्र असं आहे, थोडं कापून देतोय:

"दादा नमस्कार. चोपडा तालुक्यातून लिहितेय, नाव छापू नका. मोठ्या पोरीला बारावी सायन्सला ७८ टक्के, सीईटीला ८७ पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय आणि ते पण पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात, दोन मैत्रिणी तिकडे चालल्यात, दिवसभर घरात एकच, माले पुण्याले जानं शे. जळगावच्या कन्सल्टंटने फी वर्षाला ३ लाख ८० हजार सांगितली, होस्टेल-मेस १ लाख ६० हजार, आणि आठ दिवसात ५० हजार भरून सीट बुक करा म्हणे. मिस्टर पतसंस्थेत क्लार्क, पगार ३४ हजार. मी ब्लाऊज शिवते, महिन्याला आठेक हजार सुटतात. शेती जेठांसोबत (मिस्टरांचे मोठे भाऊ) सामाईक, आमच्या वाट्याची तीन एकर केळी, वर्ष चांगलं असलं तर खर्च जाऊन दीड लाख. पतसंस्थेत साडेतीन लाखाची एफडी, सुकन्यात २ लाख ६० हजार, नऊ तोळे सोनं. पीककर्ज दोन वर्षांपासून भरलेलं नाही, माफी होईल म्हणून सगळेच थांबलेत. आम्ही ओबीसी. मुलगा नववीत. मिस्टर म्हणतात एक एकर विकू. जेठ तेव्हापासून बोलत नाहीत. पैसे कसे उभे करायचे ते सांगा, आणि नाही जमलं तर आपण पोरीचं नुकसान करतोय का ते पण सांगा."

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, ते ५० हजार अजून भरले नसतील तर हे वाचून होईपर्यंत भरू नका, आणि भरले असतील तरी घाबरू नका, त्याचं पुढे सांगतो.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी लोनच्या टेबलावर, आणि जून-जुलैत माझ्यासमोर जी खुर्ची असायची तिच्यावर तुमच्यासारखीच माणसं बसायची, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, मार्कशीट, आधारच्या झेरॉक्स, आणि पहिला प्रश्न कायम एकच, साहेब लोन किती मिळेल. पोरगी कुठल्या दारातून आत चालली आहे हे कोणी सांगायचं नाही, मी विचारलं तरी बापाला माहीत नसायचं. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच अडकलाय.

बघा, 'खासगी कॉलेज' आणि 'खासगी विद्यापीठ' हे बोलताना आपण एकच समजतो. ते एक नाहीत. खासगी इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे जिथे सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी यादीतून, मेरिटप्रमाणे ॲडमिशन होतं, त्याची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. खासगी विद्यापीठ स्वतःच्या वेगळ्या कायद्याने चालतं, स्वतःच ॲडमिशन देतं, स्वतःच फी ठरवतं. आणि राज्य सरकारची फी सवलत, महाडीबीटीवरची (राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल), ती कॅपमधून आलेल्यांना आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून सरळ वगळलेली आहेत, जीआरमध्येच तसं लिहिलंय. खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तरी तेच, सवलत गेली.

आता हे तुमच्यासाठी का महत्त्वाचं, तर जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला की ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी ती निम्मी होती. तुमचं सगळं धरून, पगार ४ लाख ८ हजार, शिलाईचे ९६ हजार, केळीचे दीड लाख, साडेसहा लाखाच्या आसपास येतं. तुम्ही बसता. म्हणजे तुमची पोरगी कॅपमधून कुठल्याही खासगी कॉलेजात, पुण्यातल्या सुद्धा, गेली तर ट्युशन फी शून्य. डेव्हलपमेंट फी आणि बाकीची किरकोळ फी भरावी लागते, राहणं-खाणं तुमचं. आणि त्याच पुण्यात, कदाचित त्याच रस्त्यावर, खासगी विद्यापीठात गेली तर पहिल्या रुपयापासून सगळं तुमचं. कन्सल्टंटने हे सांगितलं का? नसेलच सांगितलं. बऱ्याच जणांना विद्यापीठाकडून पोरामागे कमिशन असतं, कॅपमधून पोरगं गेलं तर त्यांना चहा पण सुटत नाही.

तर आधी आकडा बघू, पूर्ण. तुम्ही एका वर्षाचा लिहिलाय, सगळेच तेवढाच लिहितात. ५ लाख ४० हजार. पण इंजिनिअरिंग चार वर्षांचं, आणि फी दरवर्षी वाढते, पाच टक्केच वाढ धरली तरी चार वर्षांची फी १६ लाख ३८ हजारांच्या घरात जाते, होस्टेल-मेस जवळजवळ ६ लाख ९० हजार. वर लॅपटॉप, डिपॉझिट, दिवाळी-अखजीला (अक्षय तृतीया) घरी येण्याजाण्याचं भाडं, थंडीचे कपडे, मैत्रिणींसोबत फिरणं (ते पण होणारच, पोरगी १८ ची आहे, खर्चात धरा आणि कटकट करू नका) असं लाख-सव्वा लाख. साडेचोवीस लाख. तुमच्या घराचं जवळपास पावणेचार वर्षांचं सगळंच्या सगळं उत्पन्न, भाजी-भाकरी न खाता.

याच्या बाजूला कॅपचं कॉलेज ठेवा, पुण्यातलंच. चार वर्षं राहणं-खाणं आणि वरची फी मिळून साधारण सात-आठ लाखात बसवता येतं, काटकसर असेल तर त्याच्या आत. शिरपूर किंवा जळगाव असेल तर त्याहून बरंच कमी, आणि जळगावात तर शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज पण आहे. ८७ पर्सेंटाइलला पुण्यातली नामांकित कॉलेजं कॉम्प्युटरला मिळणार नाहीत हे मी पण मान्य करतो, खोटी आशा देत नाही. पण सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ पीडीएफमध्ये पडलेले असतात, कॉलेजप्रमाणे, ब्रँचप्रमाणे, कॅटेगरीप्रमाणे, ते पोरीला स्वतः काढायला लावा, ओबीसीच्या आणि मुलींच्या राखीव जागांचे कटऑफ वेगळे असतात ते बघायला सांगा, आणि आपली होम युनिव्हर्सिटी म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, त्याचा आपल्या भागातल्या कॉलेजात आपल्या पोरांना फायदा होतो तो पण धरा. कॉम्प्युटर नाही मिळालं तर आयटी, डेटा सायन्स, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). पहिल्या वर्षी शिकवतात त्यात फार जमीन-अस्मानाचा फरक नसतो. अजून एक, टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात, प्रत्येक ब्रँचला पाच टक्के जास्तीच्या, ८ लाखाच्या आतल्यांना, ट्युशन फी माफ. मुलींना आता तशीच माफी मिळतेय म्हणून तुम्हाला त्याची तेवढी गरज नाही, पण मुलाच्या वेळेस लक्षात ठेवा, कारण ओबीसी मुलग्यांना माफी अजून निम्मीच आहे. नववीतल्या त्या पोराला चार वर्षांनी पैसा लागणार आहे आणि तो बहिणीपेक्षा जास्त लागणार आहे, हे आज कोणाच्या डोक्यात नाही.

बरं, समजा हे सगळं ऐकून पण खासगी विद्यापीठच. ते काय पाप नाही, काही खरंच चांगली आहेत. तर पैसा कसा उभा राहतो ते बघू.

पहिलं लोन. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली. विनातारण, विनाजामीन लोन, ७.५ लाखापर्यंतच्या लोनला सरकारची ७५ टक्के हमी, आणि ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखापर्यंतच्या लोनवर शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरतं. ऐकायला झकास. पण दोन अडचणी आहेत. ही योजना सगळ्या विद्यापीठांना नाही, एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या रँकिंगवरून ठरवलेल्या संस्थांनाच आहे, सुरू झाली तेव्हा ८६० होत्या, यादी दरवर्षी नवीन होते. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का ते पोर्टलवर पाच मिनिटात दिसतं, कन्सल्टंटच्या तोंडावर जाऊ नका, "हमारा तो है सर" असं ते सगळ्यांनाच सांगतात. दुसरी अडचण, व्याजाची सवलत वर्षाला एक लाख नव्या मुलांना, आणि त्यात सरकारी संस्थांतल्या मुलांना आधी प्राधान्य. म्हणजे ३ टक्के मिळाले तर देव पावला म्हणायचं, हिशोबात धरायचे नाहीत.

यादीत नसेल तर बँकेचं नेहमीचं एज्युकेशन लोन. त्यात ७.५ लाखापर्यंत तारण मागत नाहीत, त्याच्या वर गेलं की तारण. इथे आपल्याकडचे लोक फसतात, म्हणतात साहेब तीन एकर बागायत आहे ना. ताई, शेतजमीन बँकेला या लोनला चालत नाही सहसा, कारण सरफेसी कायद्यात शेतजमीन येत नाही, कर्ज बुडालं तर बँकेला ती त्या कायद्याने जप्त करता येत नाही, मग बँक कशाला घेईल. आणि गावठाणातलं घर म्हटलं तर कागद आजोबांच्या नावावर. म्हणून ७.५ च्या वर कोणी तुम्हाला सहज देईल असं धरून चालू नका. एनबीएफसीवाले, म्हणजे खासगी फायनान्स कंपन्या, देतील, धावत येतील, व्याजदर विचारा मग.

आणि समजा मिळालं. १६ लाख, चार वर्षात चार-चार लाखाने उचललं, व्याज १० टक्के धरा. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, सरळव्याजाने पाच वर्षांच्या शेवटी ते ५ लाख ६० हजार होतं. म्हणजे पोरीच्या नावावर २१ लाख ६० हजार. दहा वर्षांचा हप्ता साडेअठ्ठावीस हजार. पंधरा वर्षं केलं तर सव्वातेवीस हजार. मिस्टरांचा आजचा पगार ३४ आहे. पोरीला पहिली नोकरी किती पगाराची लागेल हे मी सांगू शकत नाही, पण २५-३० हजारावर सुरुवात केलेली, पुण्यात तिघी मिळून फ्लॅट घेऊन राहणारी पोरं-पोरी माझ्या नात्यातच चार आहेत. त्यातून साडेअठ्ठावीस कसे जायचे.

म्हणून माझं गणित उलटं असतं. लोन किती मिळेल ते आधी बघायचंच नाही, पोरगी पहिल्या नोकरीत किती हप्ता सोसू शकेल ते बघायचं. साधारण दहा हजार म्हणा. दहा हजाराच्या हप्त्याला दहा वर्षात साडेसात लाख फिटतात, व्याज धरून आलेले, म्हणजे उचलायचे साडेपाच-पावणेसहाच. घरातली थोडी पुंजी घातली तर कॅपवालं पुणे यात बसतं. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर अजून हलकं, ४ लाख उचलले असतील तर महिन्याला ३३०० च्या आसपास व्याज होतं, तेवढं ब्लाऊजच्या पैशातून निघतं, आणि तसं भरणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजात एक टक्का सूट देतात, मुलींना काही बँकांत अर्धा टक्का वेगळी. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता ती ओळ, जी तुम्ही पत्रात सहज लिहून टाकलीत. पीककर्ज दोन वर्षांपासून भरलेलं नाही. ताई, इथे माझा पेन थांबला. आपल्याकडे निवडणूक जवळ आली की कोणी कर्ज भरत नाही, माफी होईल, जो भरतो तो येडा. मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे, का थांबतात ते मला कळतं, केळीवरचा करपा रोग, त्यात मे-जूनचं वादळ, उभी केळी एका रात्रीत आडवी झालेली मी पण पाहिलीये. पण थकलेलं पीककर्ज सिबिलला, म्हणजे कर्जाच्या रेकॉर्डला, दिसतं, आणि एज्युकेशन लोनला बाप सहकर्जदार असतो. रावेरकडचा एक माणूस आठवतो, पोरगं हुशार, ॲडमिशन सरकारी कॉलेजात, लोन फक्त चार लाख, आणि बापाचं ७० हजाराचं पीककर्ज थकलेलं, वरून नकार आला. तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, साहेब सगळ्या गावाचं थकलंय. मी काय बोलणार. पोराचं पहिलं वर्ष त्याच्या मामाने उसने देऊन काढलं.

तर तुमच्या साडेतीन लाखाच्या एफडीचा पहिला खर्च हाच. थकबाकी किती ती बँकेत जाऊन विचारा, भरा, नो ड्यूज घ्या, सिबिलला अपडेट व्हायला वेळ जातो म्हणून याच आठवड्यात. मिस्टर म्हणतील माफी झाली तर पैसे वाया. होऊ देत वाया.

एफडीवरून आठवलं. मिस्टर ज्या पतसंस्थेत कामाला त्याच पतसंस्थेत सगळी एफडी, म्हणजे पगार पण तिथून आणि पुंजी पण तिथेच. त्यांच्या संस्थेबद्दल मला काहीच वाईट म्हणायचं नाही, पण जळगाव जिल्ह्याने पतसंस्था कशा बसतात ते बघितलंय, म्हाताऱ्या माणसांना पावत्या घेऊन चकरा मारताना मी बघितलंय. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पीककर्ज भरून जे उरेल ते राष्ट्रीयीकृत बँकेत न्या. मिस्टरांना ऑफिसात तोंड दाखवायला अवघड होत असेल तर सांगा पोरीच्या लोनसाठी बँकेने मागितलंय.

सुकन्या बरी आहे तुमच्याकडे. पोरगी १८ ची झाली की शिक्षणासाठी मागच्या मार्चअखेरच्या शिलकेच्या निम्मे काढता येतात, ॲडमिशनचा कागद किंवा फीची पावती लागते. १ लाख ३० हजार झाले. पहिल्या वर्षाचं बरंचसं होस्टेल तिथेच निघालं. राहिलेले तसेच ठेवा, व्याज चांगलं आहे.

सोनं. नऊ तोळे. मला माहितीये ते कशासाठी ठेवलंय, आणि पोरीच्या लग्नाचं सोनं मोडा असं छापून टाकायची माझी हिंमत नाही, सासूबाई हे वाचत असतील. पण मोडायची गरजच नाही. दोन-तीन तोळ्यावर बँकेत गोल्ड लोन होतं, अर्ध्या तासात, सिबिल फारसं बघत नाहीत, आणि ते फक्त गॅप भरायला, म्हणजे कॉलेजची फी आज भरायची आणि एज्युकेशन लोनचा पहिला हप्ता महिन्याने येणार, एवढ्यापुरतं. वर्षभर त्यावर झोपायचं नाही. आणि सराफाकडे गहाण नको, बँकेतच.

केळीचा पैसा फीला धरू नका. फीच्या तारखा ठरलेल्या, केळीचा भाव रोज सकाळी ठरतो. केळीचे आले तर मुलाच्या नावाने बाजूला टाका, आणि फळपीक विमा दरवर्षी भरा, तो भरताय ना? पत्रात लिहिलं नाहीत.

राहिली जमीन. २०११ ला मी माझ्या मोठ्या पोरासाठी पिंप्राळा रोडचा प्लॉट विकला. बँकेत असून. लोन काढायला लाज वाटली, लोक काय म्हणतील, मॅनेजर स्वतःच्या पोराला कर्ज काढून शिकवतो. पोरगं शिकलं, चांगलं आहे, नाशिकला असतं. पण त्या रस्त्याने आम्ही दोघं रिक्षातून जायला लागलो की बायको दुसऱ्या बाजूला बघते, चौदा वर्षं झाली, आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. पोराला पण माहितीये, तो पण बोलत नाही. तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा. एक एकर विकलं तरी सामाईक सातबारा, जेठांची सही लागणार, वाटणी निघणार, आणि आलेला पैसा दोन वर्षांच्या फीत संपणार, तिसऱ्या वर्षी परत कुठलं एकर? पोरीच्या डोक्यावर पण ते ओझं चार वर्षं राहतं, एका विषयात केटी लागली तरी तिला एकरच आठवेल.

आता ते ५० हजार. आठ दिवसात सीट जाईल हे वाक्य ऑगस्टपर्यंत दर आठ दिवसांनी ऐकू येतं. भरले असतील तर, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) दरवर्षी फी परताव्याचं वेळापत्रक काढते, ठरलेल्या तारखेच्या आत ॲडमिशन रद्द केलं तर पूर्ण फी परत द्यावी लागते, खासगी विद्यापीठांना पण. पैसे विद्यापीठाच्याच खात्यात गेलेले पाहिजेत आणि पावती विद्यापीठाचीच पाहिजे, कन्सल्टंटच्या गूगल पेवर गेले असतील तर त्यांचं तुम्हीच बघा. आणि ओरिजिनल मार्कशीट, एलसी ठेवून घेऊ देऊ नका, दाखवा आणि परत घ्या, तो पण यूजीसीचाच नियम आहे.

विद्यापीठात स्वतः जा एकदा, पोरीला घेऊन, जळगावहून रात्रीची महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा, कन्सल्टंटला सोबत नेऊ नका. तिथे विचारा की फी चार वर्षं हीच राहणार की वाढणार, आणि वाढणार तर किती, ते लेखी द्या. तुमची मेरिट स्कॉलरशिप ८७ पर्सेंटाइलला किती, आणि ती फक्त पहिल्या वर्षाला की चारही वर्षं, किती सीजीपीएला (सरासरी ग्रेडला) बंद होते. यात फार लोक गंडतात, पहिल्या वर्षी २५ टक्के सूट बघून ॲडमिशन घेतात आणि दुसऱ्या वर्षी सीजीपीए पॉइंट दोनने हुकतो. होस्टेल किती वर्षं सक्तीचं ते पण. आणि मग गेटबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची पोरं उभी असतात, खान्देशातली असतातच कोणीतरी, त्यांना विचारा. ऑफिसात मिळणार नाही ते तिथे मिळतं.

बाहेरच्या स्कॉलरशिपचं थोडक्यात. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती म्हणून फक्त मुलींसाठी आहे, वर्षाला ५० हजार, ८ लाखाच्या आत, टेक्निकल कोर्सच्या पहिल्या वर्षाला अर्ज करायचा, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठी आहे, सगळ्या कोर्सचे मिळून २ लाखापर्यंत, त्याला ऑनलाइन परीक्षा असते. दोन्ही भरायला लावा, पण सरकारी पैसा दोन ठिकाणचा एकदम चालतो का ते फॉर्ममध्येच दिलेलं असतं, वाचून भरा, पीएम विद्यालक्ष्मीची व्याजसवलत दुसऱ्या सरकारी स्कॉलरशिपसोबत मिळत नाही. आणि होस्टेल-भाड्यासाठी ओबीसी मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांना, सरकारी होस्टेल न मिळालेल्यांना, त्याची चौकशी जळगावच्या इतर मागास बहुजन कल्याण ऑफिसात करा.

(इंजिनिअरिंग सोडून बीए-बीएस्सीसाठी ज्यांची पोरं खासगी विद्यापीठाकडे बघतायत त्यांच्यासाठी एक वाक्य, सगळीच सारखी नसतात, बंगळुरू-भोपाळचं अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा सोनीपतचं अशोका, ही घरचं उत्पन्न बघून फी कमी करतात, फीचा छापील आकडा बघून लगेच पान उलटू नका.)

तुमचा शेवटचा प्रश्न, पोरीचं नुकसान करतोय का. ताई, तुमच्या घरात तिघांना झोप नाही आणि चौथीला कारण माहीत नाही, असं मला पत्रावरून वाटलं. तिला मिस्टरांचा पगार नक्की किती ते माहितीये का? पीककर्ज थकलंय ते? आपल्याकडे पोरांना आकडे सांगत नाहीत, बिचारीला टेन्शन नको म्हणून, आणि मग तिने पुणे मागितलं की हट्टी म्हणतात. आज रात्री जेवणं झाली की वही घ्या, वरचे दोन्ही हिशोब तिलाच लिहायला लावा, साडेचोवीसचा आणि सात-आठचा, हप्ता तिच्याच मोबाइलवर ईएमआय कॅल्क्युलेटरने काढायला सांगा. मैत्रिणींबरोबर पुण्याला जायचंय हीच खरी गोष्ट असेल तर कॅपमधून पण पुणे मिळतं, कॉलेज वेगळं, शहर तेच, शनिवारी भेटतील. आणि एवढं सगळं बघून तिने तरी त्याच विद्यापीठाचं नाव घेतलं, तर निदान ती साडेअठ्ठावीस हजाराचा आकडा स्वतःच्या अक्षरात लिहून घेईल. मग जेठांकडे मिस्टर नाही, तीच जाऊ दे. मोठ्या काकांना पोरी वेगळ्या पद्धतीने पटवतात.

कॅपचं रजिस्ट्रेशन केलंय का, तुम्ही लिहिलं नाही. केलं नसेल तर बाकी सगळं नंतर, हे आधी, तारीख गेली की गेली. विद्यापीठात घ्यायचं ठरलं तरी कॅपचा फॉर्म भरून ठेवायला काही अडत नाही. जात वैधता, म्हणजे पडताळणी झालीये का बघा, नसेल तर समितीकडे अर्ज टाकून पावती तरी हातात ठेवा. महाडीबीटीसाठी पोरीचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, आधारला जोडलेलं, पतसंस्थेतलं खातं नाही चालणार. आणि सेतूत गेलात की उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा नका काढू, तीन वर्षांचा काढा, नॉन क्रिमीलेअरला तोच मागतात, नाहीतर चोपडा तहसीलला दुसरी चक्कर आणि जूनमध्ये तिथली लाइन तुम्हाला माहितीच आहे.